मोसिबुडीची पिशवी

गावातले नळ आटले तेव्हापासून मातोमेच्या गाढवगाडीला मागणी आली होती. खाली ओढ्याच्या पात्रात एक हातपंप अजून तग धरून होता. पहाटे तिथे रांगेत उभं राहायचं, गाडीवरची पिंपं भरायची आणि खडकाळ चढ चढून गावात यायचं. गाडी म्हणजे एका मोडक्या मोटारीचा मागचा आस, त्यावर ठोकलेल्या फळ्या आणि पुढे दांड्याच्या दोन बाजूंना दोन गाढवं. उजवीकडचा फोरमन, डावीकडचा मिनिस्टर. नावं मोसिबुडीने ठेवलेली. फोरमन मान खाली घालून ओढायचा. मिनिस्टर पट्टा अंगाला लागतोय न लागतोय असा चालायचा, आणि चढ संपला की ओरडून सगळ्या गावाला वर्दी तोच द्यायचा.

मोसिबुडी सुगीच्या वेळी गेली. छातीत पाणी झालं होतं. तिच्या कपड्यांची पेटी लहान झोपडीत कुलपात ठेवली आणि मातोमेच्या सदऱ्याच्या बाहीवर काळ्या कापडाचा तुकडा पिनेने लावला. पाऊस लागायच्या आधी मोसिबुडीच्या माहेरचे येणार, ज्वारीची बिअर होणार, बोकड कापणार, कपडे वाटले जाणार आणि मग तो तुकडा निघणार. तोवर तो बाहीवर राहायचा. धुळीने तो काळ्याचा तपकिरी झाला होता.

पुरून आल्यावर कितीतरी दिवस ती त्याच्या स्वप्नात आली नाही. शेजारणींना दिसली. मापुलाला दिसली. ज्या बाईशी तिचं कोंबडीवरून भांडण होतं, तिलाही दिसली. मातोमे रात्री चटईची तिची बाजू रिकामी ठेवून, तिकडे तोंड करून झोपायचा. सकाळी उठायचा तो कोरडाच.

मग एका पहाटे ती आली. त्याच दिवशी तो दुकानामागच्या मोरुलाच्या झाडाखाली मापुलाला पाणी द्यायला गेला.

मापुला मोसिबुडीची मैत्रीण. अंगाने भरलेली, पायाला सूज असलेली बाई. ती झाडाखाली खुर्ची टाकून बसायची आणि मोचायना या आकड्यांच्या जुगाराच्या पिशव्या गोळा करायची. प्रत्येकाची आपापली पिशवी. रात्री जे स्वप्न पडलं त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी आणि पैसे पिशवीत घालून नाडी ओढायची. सकाळ-संध्याकाळ चिनी माणसाची पांढरी गाडी यायची. तो पिशव्या घ्यायचा, मग आपला आधीच ठरवलेला आकडा बोटांनी दाखवायचा. छत्तीस आकडे, छत्तीस स्वप्नं. लागला तर एकाचे अठ्ठावीस.

"काय बघितलं, भावोजी?" मापुला म्हणाली. ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच हे विचारायची.

"मोसिबुडी दिसली," मातोमे पिंपाची तोटी सोडत म्हणाला. "भांडी घासत होती. पाठमोरी."

मापुलाचा हात बादलीवरच राहिला. "मेलेली बाई. बारा."

"काय बारा?"

"अहो, राजा एक, माकड दोन, मेलेला माणूस चार, मेलेली बाई बारा. इतकी वर्षं बायको खेळत होती आणि तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मोसिबुडी रोज सकाळी चुलीपाशी बसून स्वप्न सांगायची. आज अंडी दिसली, आज बोट दिसली, मी कधी बोट पाहिली नाही पण दिसली. तो म्हणायचा, "चहा निवतोय." मग ती हसून चहा द्यायची आणि स्वप्न मापुलाला सांगायला जायची.

मापुलाने खुर्चीखालच्या टोपलीतून एक पिशवी काढली. लेकीच्या, हुनादीच्या, शाळेच्या जुन्या झग्यातून शिवलेली, निळी, नाडीची. "चायनाने विचारलं होतं, ही काढून टाकू का म्हणून. त्याने मयताला मक्याच्या पिठाचं पोतं दिलं होतं, आठवतंय? मी म्हटलं, राहू दे. माझ्याच्याने टाकवत नाही."

मातोमेने पिशवी हातात घेतली. नाडीची टोकं तिच्या दातांनी चावलेली होती. तिला ती सवय होती. त्याने पाण्याचं आलेलं एक नाणं आत टाकलं. हसण्यावारीच टाकलं.

संध्याकाळी चिनी माणसाने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला. आधी एक बोट, मग दोन.

"बारा!" बायका ओरडल्या. "मोसिबुडीने धाडलं गं! नवऱ्याला मीठ-मिरचीला धाडलं!" मापुला सुजलेल्या पायांवर नाचली. मातोमेच्या हातात पैसे आले, पण त्याचं लक्ष पैशात नव्हतं. ती काहीतरी बोलली आणि आपल्याला ते बरोबर ऐकू आलं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

त्याने पाव घेतला, डब्यातलं मटण घेतलं, हुनादीला शाळेचे मोजे घेतले. हुनादी शाळेच्या वरच्या वर्गात होती. आईसारखीच उंच, आईसारखीच कपाळाला आठी घालून बघणारी.

"कुठून आले पैसे?"

"तुझ्या आईने पाठवले." त्याने सगळं सांगितलं.

हुनादी मोजे हातात धरून बसली. "आई दिसली तुम्हाला? कशी होती?"

"बारा लागला ना."

"अहो बाबा, आई कशी होती? काय नेसली होती?"

"ते कोण बघतंय? पाठमोरी होती." तो पाव कापायला लागला. हुनादीने मोजे घडी करून बाजूला ठेवले.

त्यानंतर मोसिबुडी वरचेवर येऊ लागली. कधी पाणी आणताना, कधी कोंबड्यांना दाणे टाकताना, कधी नुसती दारात. मातोमे जागा झाला की डोळे न उघडता पडून राहायचा आणि हिशेब लावायचा. बाई मेलेली, म्हणजे बारा. पण पाणी आणत होती, थोडं पाणी म्हणजे एकोणतीस. हातात अंडं होतं, अंडं म्हणजे दहा. आणि दारात उभी होती तेव्हा ती म्हातारी दिसली की तरुण? म्हातारी असली तर चौदा. तिचा चेहरा आठवायला जावा तर तो पुसट व्हायचा आणि आकडा मात्र ठळक राहायचा.

बारा लावला की एकोणतीस यायचा. एकोणतीस लावला की दहा. एकदा त्याने चारही आकडे एकदम लावले तर चिनी माणसाने बोटं दाखवली ती सत्तावीस, कुत्रा. आणि त्या स्वप्नात, आता त्याला आठवलं, अंगणाच्या कडेला कुत्रा होता. होताच. ती तर सांगत होती, आपलंच लक्ष नव्हतं.

गावाला सुद्धा त्याचा नाद लागला. सकाळी हातपंपावर बायका त्याच्या गाडीभोवती जमायच्या. "काय म्हणाली मोसिबुडी?" त्याने काही सांगितलं की सगळ्या झाडाखाली जाऊन तेच लावायच्या.

"म्हणून तर लागत नाही," मापुलाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "चायना काय खुळा आहे? ज्या आकड्यावर गाव पडतं तो आकडा तो काढतच नाही. तुम्ही तोंड बंद ठेवा."

मातोमेने तोंड बंद ठेवलं. तरी लागला नाही. मग एकदा लागला, पण त्या दिवशी त्याने सगळ्यांत कमी त्याच्यावर टाकले होते. तो जिंकून आला आणि रात्री हळहळत बसला.

"भावोजी," मापुला एका सकाळी म्हणाली, "माझं यात कमिशन आहे, मी बोलू नये. पण मोसिबुडी रोज एकच नाणं टाकायची. लागला की पिशवी आठवडाभर खुंटीला. मी म्हणायची, अगं हात लागतोय तोवर खेळ. ती म्हणायची, पोट भरल्यावर ताटावरून उठायचं, नाहीतर ताट आपल्याला खातं."

"तिला सांगणारं कोणी नव्हतं," मातोमे म्हणाला. "मला ती सांगते."

"सांगते, तर मग चुकतं कसं?"

"मी चुकतो. ती नाही चुकत."

मापुलाने पिशवी घेतली. टोपलीत टाकली. तिचंही घर त्याच टोपलीवर चालत होतं.

पाण्याचे पैसे सकाळी यायचे आणि सकाळीच जायचे. घरात मोरोगोची वाळवलेली भाजी आणि मक्याचा घट्ट बोगोबे, एवढंच शिजायचं. हुनादी भांडं खरवडताना बोलायची नाही, पण खरवडण्याचा आवाज मोठा करायची.

आभाळ पांढरं पडलं होतं. बाभळींना पानं नव्हती, नुसते काटे. दुपारी दगडांवर हात ठेववत नव्हता. अशाच एका दिवशी पलीकडच्या गावचा पिट्सो नावाचा माणूस आला. तो गाढवं विकत घ्यायचा. त्याने दोघांचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हा उजवीकडचा देतोस?"

मातोमेला आदल्या रात्री मोठं स्वप्न पडलं होतं. मोसिबुडी एका मोठ्या घरात उभी होती. मोठं घर, पंचवीस. इतकं स्वच्छ स्वप्न त्याला कधी पडलं नव्हतं. हे एकदा लागलं की दोन गाढवं घेऊ, बोकड घेऊ, बिअरला ज्वारी घेऊ, आणि मग बस. मग पिशवी खुंटीला.

फोरमन वळून एकदाही न बघता पिट्सोच्या मागे गेला. दोर धरणाऱ्यामागे जायचं, एवढंच त्याला माहीत होतं.

संध्याकाळी गाडीच्या खिडकीतून आधी तीन बोटं आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मातोमेने मिनिस्टरला जुंपलं. एका बाजूला गाढव आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, त्यामुळे गाडी फिरून फिरून कुंपणात जाऊ लागली. दोन वेळा पिंप कलंडलं. मग त्याने फोरमनचा पट्टा उचलला, सदऱ्याच्या आत चिंध्यांची घडी खांद्यावर घातली आणि स्वतः दांड्याला लागला. पट्ट्याला फोरमनच्या घामाचा वास होता. चढावर तो पुढे वाकून ओढू लागला. मिनिस्टरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि शेजारी कोण आलं आहे हे कळल्यासारखा तो जरा जोर लावू लागला.

हातपंपावरच्या बायका आधी गप्प झाल्या. मग एकीला राहवलं नाही. "फोरमन बदलला वाटतं!"

"मिनिस्टरबरोबर काम करायचं म्हणजे असंच," दुसरी म्हणाली. हसल्या सगळ्या. मातोमेही हसला. हसताना पट्टा गळ्याला लागला.

चार दिवसांत खांद्याची कातडी गेली. हुनादी रात्री मीठ-पाण्याने ते शेकायची. एका रात्री शेकता शेकता ती म्हणाली, "मी मामाकडे जाते."

"कशाला?"

"तिथे शाळा जवळ आहे."

"शाळा इथेही आहे."

"इथे तुम्ही आहात," हुनादी म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "आई आली की तुम्ही झाडाखाली जाऊन सगळ्यांना सांगता. मापुलाला सांगता. हातपंपावरच्या बायकांना सांगता. मला आजवर एकदा तरी सांगितलंत? माझ्या स्वप्नात ती येत नाही. मी उशाशी तिचा कंगवा घेऊन झोपते, तरी येत नाही. तुमच्याकडे येते, आणि तुम्ही तिच्या चिठ्ठ्या करता."

 चिंधीतून मीठ-पाणी त्याच्या पाठीवर ओघळत राहिलं.

शनिवारी नारे आला. मोसिबुडीचा थोरला भाऊ. ठेंगणा, काळी टोपी घालणारा, हातात काठी. कापड काढायचा दिवस ठरवायला तो पायी निघाला होता आणि चढावरच त्याला गाडी दिसली. एका बाजूला गाढव, एका बाजूला बहिणीचा नवरा.

मातोमे थांबला. पट्टा काढून टाकावा असं त्याला वाटलं, पण चढावर पट्टा सोडला तर गाडी मागे जाते. तसाच उभा राहिला. गळ्यात पट्टा, बाहीवर काळं कापड, नाकातून पाणी.

"दाजी," नारे म्हणाला, "बहिणीचं देज म्हणून आम्ही तुमच्याकडून गाई घेतल्या होत्या. तुम्हाला जुंपायचं ठरलं नव्हतं."

दोघांनाही हसू आलं नाही. नारेने टोपी खिशात घातली, काठी फळीखाली खोचली आणि गाडीमागे जाऊन दोन्ही हात लावले. "चला. उभं राहून पाणी वर जात नाही."

वर आल्यावर ते मातोमेच्या अंगणात सावलीला बसले. हुनादीने मामाला आधी पाणी दिलं, मग बापाला. नारेने घोट घेतला, चूळ भरली, मग प्यायला.

"गावात ऐकलं," तो म्हणाला. "मी शिव्या द्यायला आलो नाही. माझी बहीण तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. एवढंच म्हणायची, कानाने जरा कमी ऐकतो."

मातोमेने खाली बघितलं.

"आता तर रोज ऐकताय म्हणे. काय बोलते ती?"

"बोलत नाही."

"मग?"

मातोमेने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. "आता ती गाडीतून येते," तो म्हणाला. "पांढऱ्या गाडीतून. काच खाली करते आणि हात बाहेर काढते. नुसती बोटं दाखवते. मी जवळ जातो, वाकून आत बघतो. आत अंधार असतो. बांगडी तिची आहे, बोटं तिची आहेत. चेहरा दिसत नाही, नारे. मी चेहरा बघायला जातो तर काच वर होते."

नारेने काठीने मातीत रेघ ओढली. ती पुसली. पुन्हा ओढली.

"आणि तो आकडा लावता तुम्ही?"

"लावतो. लावला नाही आणि तिने उद्या हातही दाखवला नाही तर?"

नारेने मातीतली रेघ पायाने पुसली. शेवटी तो उठला. "पुढच्या शनिवारी आम्ही येऊ. बिअरला पाणी लागेल, तेवढं आणून ठेवा. बोकड मी आणतो. आणि पोरगी यायचं म्हणते. त्या दिवशी मी तिला विचारीन. ती हो म्हणाली तर मी नाही म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका."

बिअर घालायची तर पिंपांवर पिंपं पाणी लागतं. मातोमेने दोन दिवस पट्टा ओढला आणि अंगणातला रांजण अर्धासुद्धा भरला नाही. विकायचं पाणी वेगळं. तिसऱ्या दिवशी त्याला पिट्सो वाटेत भेटला.

"एकाने गाडी चालत नाही, मातोमे. हाही दे आणि मोकळा हो. बुधवारी सकाळी झाडापाशी येतो."

मातोमेने हो म्हटलं. मिनिस्टरचे पैसे, तेवढे सगळे एका आकड्यावर. लागला तर एका गाढवाची अठ्ठावीस गाढवं. लागला तर पोरगी कुठे जात नाही. नाही लागला तर, ह्या पुढचं वाक्य त्याच्या मनात येत नव्हतं. दर वेळी तिथवर जाऊन मन परत फिरायचं, जसा मिनिस्टर पाण्याच्या डबक्याशी येऊन फिरायचा.

मंगळवारी रात्री तो आकड्यासाठी झोपला. गाडी येईल, काच खाली होईल, अशी वाट बघत झोपला.

गाडी आली नाही. मोसिबुडी अंगणात उलट्या टोपल्यावर बसली होती, पाय पसरून, जशी दुपारी बसायची. डोक्याला तिचा हिरवा रुमाल होता, एका कानावर घसरलेला. दातात कसली तरी काडी. तिने त्याच्याकडे बघितलं, नीट, समोरून, आणि कपाळाला आठी घातली.

"ते गाढव लंगडतंय," ती म्हणाली. "डोळे कुठे ठेवलेत?"

एवढंच. मग ती काडी थुंकून उठली.

मातोमे जागा झाला तेव्हा उजाडत होतं. त्याने डोळे मिटूनच हिशेब सुरू केला. मेलेली बाई, बारा. नाही, समोरून दिसली, जिवंतासारखी दिसली. मग बारा कसा? गाढव. गाढवाला आकडा कुठला? घोडा तेवीस. गाढव म्हणजे गरिबाचा घोडाच. डोळे, डोळ्यांना काही नाही. तोंड चोवीस, ती तोंडाने बोलली. तेवीस की चोवीस? तो उठला, चहा न घेताच निळी पिशवी खिशात घातली, मिनिस्टरच्या गळ्यात दोर बांधला आणि झाडाकडे निघाला. हुनादी दारात उभी राहून बघत होती. कुठे चाललात असं तिने विचारलं नाही.

दुकानाच्या अलीकडे रस्ता खडीचा होतो. तिथे मिनिस्टर मागे पडू लागला. मातोमेने दोर ओढला. तेवीस की चोवीस. त्याने पुन्हा ओढला. मिनिस्टर दोन पावलं आला आणि थांबला.

मातोमेने वळून बघितलं. गाढवाने पुढचा डावा पाय उचलून धरला होता. जमिनीला टेकवायचा, लगेच उचलायचा. गेले किती दिवस तो असा चालत होता? मातोमे रोज त्याच्या शेजारी, एकाच दांड्याला, खांद्याला खांदा लावून चालत होता.

तो खाली बसला. पाय मांडीवर घेतला. खुराच्या मधल्या मऊ भागात बाभळीचा काटा पार आत मोडला होता. वरचं कातडं सुजून गरम झालेलं. मातोमेने खिशातला चाकू काढला, कडेने जरा उकरलं, आणि मग वाकून, हाताने निघेना म्हणून, दातांनी काटा धरून ओढला. मिनिस्टर थरथरला पण त्याने लाथ मारली नाही. काटा निघाला. बोटाच्या पेराएवढा लांब. मागून पू आला, मग रक्त.

मातोमे काटा तळव्यावर घेऊन बघत बसला. ते गाढव लंगडतंय, ती म्हणाली होती. गाढव लंगडत होतं.

मागून पांढरी गाडी आली. त्याच्या बाजूने धूळ उडवत झाडाखाली जाऊन थांबली. तिथून मापुला हाका मारू लागली. "भावोजी! अहो, पळा! पिशव्या चालल्या!"

जखमेत धूळ जायला नको होती. मातोमेने इकडेतिकडे बघितलं. सदऱ्याची बाही फाडावी तर तिच्यावर काळं कापड होतं. मग त्याने निळी पिशवी काढली. आतली नाणी खिशात ओतली. पिशवी उलटी करून झटकली, मिनिस्टरच्या खुरावर चढवली आणि नाडी ओढून, दातांनी चावलेल्या टोकांची गाठ मारली. बरोबर बसली.

तो उठला आणि गाढवाला घेऊन हळूहळू झाडापर्यंत गेला. पिट्सो तिथे दोर खांद्यावर टाकून उभा होता. चिनी माणूस खिडकीत कोपर टेकून बसला होता. त्याने मातोमेला ओळखून मान हलवली.

"काय बघितलं?" मापुला घाईने म्हणाली. टोपली तिच्या हातात होती. "पिशवी कुठाय?"

मातोमेने खाली बोट दाखवलं.

सगळ्यांनी बघितलं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग पंपावरची ती बाई, जिला कधीच राहवत नसे, खोकल्यासारखी हसली. "अगं बाई! आज गाढवच खेळतंय!"

"माणसापेक्षा बरं खेळेल," दुसरी म्हणाली, आणि झाडाखाली हशा झाला. चिनी माणूससुद्धा खिडकीतून वाकून खुराकडे बघून हसला.

मापुला हसली नाही. "दुसरी पिशवी देते," ती म्हणाली. "चायना थांबतोय. स्वप्न सांगा. आली होती का?"

"आली होती."

"मग बोला ना! काय दाखवलं?"

"गाढवाचा पाय दाखवला," मातोमे म्हणाला.

मापुला मनातल्या मनात छत्तीसच्या छत्तीस फिरून आली. "गाढवाचा पाय. त्याला कुठला आकडा?"

"त्याला आकडा नाही."

पिट्सो पुढे झाला, पायाकडे बघून त्याने जिभेने च्च केलं. "लंगडा आहे. कमी मिळतील."

"विकायचा नाही," मातोमे म्हणाला. पिट्सोने खांदे उडवले.

मातोमे वळला. खिशात नाणी वाजत होती. चालताना त्याची पाठ ताठ झाली होती, कुणी मागून दगड मारील अशी. झाडाखाली सगळे गप्प झाले, म्हणजे हात बाहेर आला असणार. मग एकदम गलका उठला. कुणीतरी जिंकलं होतं. कुणीतरी आकडा ओरडलं. मिनिस्टरचे कान तिकडे वळले. मातोमेने त्याच वेळी त्याच्याशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, "चल बाबा, चल, हळू चल," आणि आकडा त्याला ऐकू आला नाही. ऐकायची इच्छा त्याला झाली. घराच्या कुंपणापर्यंत होत राहिली.

हुनादी अंगणात रांजणात काठी बुडवून पाणी किती आहे बघत होती. बापाबरोबर गाढव परत आलेलं पाहून ती उभी राहिली. मग तिला खुरावरची निळी पिशवी दिसली.

"हे माझ्या झग्याचं कापड," ती म्हणाली.

"हो."

मातोमेने गाढवाला सावलीत बांधलं. चुलीपाशी जाऊन बसला. हुनादीने चहा आणून समोर ठेवला. तो खांदा चोळत होता. चहावर साय धरू लागली.

"आई आली होती," तो म्हणाला.

हुनादी जायला निघाली होती, ती थांबली. तिला वाटलं, आता आकडा येईल.

"तिथे बसली होती. टोपल्यावर." त्याने बोटाने दाखवलं. "पाय असे पसरून. हिरवा रुमाल होता डोक्याला."

"तो पेटीत आहे," हुनादी म्हणाली. "कुलपात."

"असेल. पण तिच्या डोक्याला होता. एका कानावर आला होता, हा, ह्या कानावर. तोंडात काडी होती. मला म्हणाली, ते गाढव लंगडतंय, डोळे कुठे ठेवलेत."

हुनादीच्या तोंडून हसू फुटलं आणि मध्येच त्याचं दुसरंच काही झालं. ती खाली बसली. गुडघ्यांना मिठी मारून बसली.

"अशीच म्हणाली?"

"अशीच. कपाळाला आठी घालून."

"आणखी?"

"आणखी काही नाही. काडी थुंकली."

हुनादी बराच वेळ टोपल्याकडे बघत राहिली. सावलीत मिनिस्टरने दुखरा पाय जरासा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

"चहा निवतोय, बाबा," ती म्हणाली.

"निवू दे," मातोमे म्हणाला. "कोणती काडी होती ते आठवतंय बहुतेक. थांब, सांगतो."